खडकवासल्याच्या काठच्या एमटीबी वाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याजवळ पानशेत रस्त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, खडकवासला धरणाच्या पाण्याच्या कडेने आणि वर सांगरूणकडच्या नदीकाठांवर माउंटन बाईक (एमटीबी) चालवणारे आता बरेच झाले आहेत. वाटा मात्र तेवढ्याच आहेत, आणि त्यांची अवस्था दर पंधरवड्याला बदलते. शनिवारी रात्री फोनवर येणारे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे.

या वाटा कोणाच्या आहेत? सायकलसाठी बनवल्या आहेत का?

नाही. एकही वाट सायकलसाठी बनवलेली नाही. गुरांच्या वाटा, बैलगाडीच्या जुन्या चाकोऱ्या, मासे धरणाऱ्यांच्या पायवाटा आणि शेतात जायचे रस्ते असा हा सगळा मामला आहे. पाण्यालगतची जमीन बहुतेक ठिकाणी जलसंपदा विभागाची, त्यावरची शेतं खाजगी, डोंगराकडच्या बाजूला वन विभाग. उत्तर काठाचा मोठा भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा आहे. तिथे जायचं नाही, तारेच्या कुंपणाला फट दिसली तरी नाही. नकाशाच्या अ‍ॅपवर तिथून रेघ गेलेली दिसली, तर ती रेघ काढणाऱ्याला तुमच्याइतकीच माहिती होती असं समजा.

आज वाट चालवण्याजोगी आहे का, हे घरबसल्या कळेल का?

अर्धवट कळतं. शहरात पाऊस पडला की नाही याला फारसा अर्थ नाही. धरणाच्या वरच्या अंगाला, पानशेत-वरसगाव-टेमघर पट्ट्यात पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. तिकडचे पावसाचे आकडे आणि खडकवासल्याचा साठा किती टक्के आहे, हे दोन्ही बातम्यांत रोज येतं. ते बघा.

उरलेलं उत्तर जागेवरच मिळतं. सायकल रस्त्यावर ठेवा, वाटेवर दहा पावलं चाला आणि टाच जोरात दाबा. टाच रुतून तिचा ठसा उमटला तर परत फिरा. ठसा नाही, पण माती ओलसर गडद दिसते आहे, तर ती उत्तम अवस्था. अशा मातीवर पकड सगळ्यात चांगली मिळते. आणि सुरुवात चांगली झाली तरी पुढे कुठेही टायरला माती चिकटून फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) अडकायला लागली, की तिथून मागे. ‘पुढे सुकं असेल’ हे वाक्य या काठावर फार वेळा ऐकलंय. पुढे सहसा ओढा असतो.

ऊन पडलंय, आठवडाभर पावसाचा थेंब नाही, तरी काठची वाट पाण्याखाली कशी गेली?

हा प्रश्न नव्या लोकांचा हमखास असतो. नदीकाठची वाट म्हटलं की आपण पावसाचा विचार करतो, पण इथलं पाणी पावसावर कमी आणि धरणांच्या दरवाजांवर जास्त चालतं.

खडकवासला साखळीत चार धरणं आहेत. अंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, मुठेवर टेमघर, आणि या तिघांचं पाणी जिथे येतं ते खडकवासला. चौघांचा मिळून उपयुक्त साठा साधारण २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यात वरसगाव १२.८ आणि पानशेत १०.६ टीएमसीच्या घरात, आणि खडकवासला जेमतेम दोन. म्हणजे मोठ्या टाक्या वर आणि खाली एक छोटी बादली. शहराचं पिण्याचं पाणी आणि दौंड-इंदापूरकडे कालव्यातून जाणारं शेतीचं आवर्तन, म्हणजे ठरावीक काळ सोडलेलं पाणी, याच बादलीतून उचललं जातं. ती खाली जायला लागली की वरून पाणी सोडतात, आणि पातळी चढते.

त्यामुळे एप्रिलच्या कडक उन्हातही काल चालवलेली वाट आज पाण्याखाली असू शकते. उलट आवर्तन चालू असताना, वरून अजून पाणी आलेलं नसताना, काठ भराभर उघडा पडतो. उन्हाळी आवर्तन कधी सुरू होणार ही बातमी शेतकऱ्यांसाठी असते, पण आपणही ती वाचावी.

पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू झाला की काय बंद समजायचं?

धरणाच्या खालचं सगळं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेकची घोषणा झाली, तर सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटर पाणी नदीत उतरतंय. शहरातला नदीपात्रातला रस्ता आणि बाबा भिडे पूल सगळ्यात आधी पाण्याखाली जातात. २५ जुलै २०२४ ला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला, तेव्हा सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरलं होतं. विसर्गाचा आकडा रात्रीत वाढवला जातो. पात्रातल्या पायवाटांवर ‘एक फेरी मारून येतो’ हा विचार त्या दिवसांत करू नये.

पाणी ओसरल्यावरही दोन-तीन आठवडे पात्रात जाण्यात मजा नाही. गाळाचा निसरडा थर, त्याखाली काचा, तारा, निर्माल्याच्या पिशव्या. शहराच्या खालच्या टप्प्यात त्या गाळात सांडपाणीही असतं. उघड्या जखमेला तो चिखल लागू देऊ नका. लेप्टोस्पायरोसिस हा असल्याच पाण्या-चिखलातून होतो.

चिखलात एकदा सायकल घातली तर असं काय बिघडतं?

एका सायकलीने थोडं, दहांनी बरंच. आणि बिघाड त्या दिवशी दिसत नाही.

आपल्याकडे दोन प्रकारची जमीन आहे. चढाच्या अंगाला मुरूम, म्हणजे झिजलेला काळा कातळ. त्यातून पाणी लगेच निघून जातं. काठाजवळ आणि सपाटीवर काळी माती. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. ओली असताना तिच्यातून चाक गेलं की खोल चर पडतो, आणि ऊन लागल्यावर तो चर तसाच्या तसा विटेइतका कडक होतो. पुढच्या पावसात आजूबाजूचं पाणी वाटेवरून आडवं जाण्याऐवजी त्या चरात उतरतं आणि चरातूनच उताराला धावतं. दोन पावसाळ्यांत त्याचा ओघळ होतो.

मग लोक ओघळ टाळून बाजूने जातात. बाजूची वाट खराब झाली की तिच्याही बाजूने. एका हाताची वाट बघता बघता बैलगाडी जाईल इतकी रुंद होते, आणि तिची कड कोणाच्या तरी ज्वारीत घुसते. त्यानंतर एका सकाळी वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या दिसतात. तक्रार करायला जागा नसते. शेतकऱ्याने जे केलं ते बरोबरच केलं.

मुरमाच्या वाटा पाऊस थांबल्यावर काही तासांत चालवता येतात. काळ्या मातीला दोन-तीन कोरडे, वाऱ्याचे दिवस लागतात; झाडाखालच्या पट्ट्याला आणखी जास्त.

म्हणजे जून ते सप्टेंबर घरी बसायचं?

घरी कशाला? डांबरी रस्ता आहे, मुरमाच्या चढावरच्या गाडीवाटा आहेत. फक्त काठाची काळी माती सोडा. माझं मत विचाराल तर गणपती उठेपर्यंत काठाचं नाव काढू नये.

उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर उघडा पडलेला तळ मस्त सपाट दिसतो. तिथे चालवावं का?

दिसतो तितका सरळ नाही. धरण एकोणिसाव्या शतकातलं आहे, गाळ भरपूर आहे. वरचा थर उन्हाने कडक होतो आणि हातभर खाली लोण्यासारखा चिखल असतो. पुढचं चाक पपडी फोडून आत गेलं की स्वार हँडलवरून पुढे. पाण्याच्या जितकं जवळ जाल तितकी पपडी पातळ. जिथे गुरांच्या खुरांचे खोल ठसे आहेत तिथून लांब राहा. गुरं रुतली तर तुम्हीही रुताल. जुन्या, पूर्ण सुकलेल्या गाळात भेगा पडतात, आणि भेग चाकाच्या दिशेला समांतर आली तर टायर तिच्यात बसतो. भेगा आडव्या ओलांडाव्यात.

शिवाय हा तळ रिकामा नसतो. पाणी हटलेल्या जमिनीवर गाळपेर होते, म्हणजे त्या ओलीवर पीक घेतलं जातं. पेरलेला पट्टा लांबून मोकळ्या मातीसारखाच दिसतो. नांगराच्या किंवा पाभरीच्या रेषा दिसल्या की वळसा घाला. मार्चपासून पुढे टिटव्या उघड्यावर, खड्यांमध्ये अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर तुम्ही घरट्याजवळ आहात. थांबून फोटो काढू नका, आल्या वाटेने मागे जा.

आणि एक, याच्यावर चर्चा नको: घाम आला म्हणून पाण्यात उतरायचं नाही. खडकवासल्यात दरवर्षी माणसं बुडतात, पोहता येणारीही. तळ गाळाचा आहे आणि पाय सुटत नाही.

वाटेची देखभाल म्हणजे नेमकं काय करायचं?

पाणी वाटेवरून बाजूला काढायचं. निम्म्याहून जास्त काम एवढंच आहे.

ज्यांनी गावात पाणलोटाची कामं केली आहेत, श्रमदानाला गेले आहेत, त्यांना ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ पाठ असतं. वाटेवर बरोबर उलट करायचं असतं. पाणी अडलं की चिखल, आणि वाटेच्या लांबीने वाहिलं की ओघळ. त्याने वाट आडवी ओलांडून उताराच्या बाजूला निघून जायला हवं. हत्यारं मात्र तीच: टिकाव, फावडं, घमेलं, आणि समपातळी शोधायला तीन काठ्यांची ए-फ्रेम.

पहिली गोष्ट, कड. वाट जुनी होते तशी मधोमध दबते आणि उताराच्या बाजूला मातीची छोटी वरंबी तयार होते. ती वरंबी पाण्याला वाटेवरच कोंडते. ती फावड्याने काढून वाटेला बाहेरच्या बाजूला किंचित कल द्यायचा. एक मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर पुरे. एका माणसाचं अर्ध्या तासाचं काम आणि परिणाम वर्षभर.

दुसरी, उलटा चढ. लांबलचक उतरणीवर मध्ये मध्ये वाट दोन-तीन मीटर पुन्हा वर चढायला हवी. पाणी तिथे थांबतं आणि बाजूला काढलेल्या निचऱ्यातून निघून जातं. आडवे दगड किंवा ओंडके टाकून पाणी वळवायची पद्धत मला पटत नाही. एका पावसाळ्यात त्यांच्यामागे गाळ भरतो, आणि सायकलवाले त्यांना वळसा घालून नवी वाट पाडतात.

तिसरी, चढाचं प्रमाण. जगभर वाटा बांधणारे दोन आडाखे वापरतात. वाटेचा चढ बाजूच्या टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवा: टेकडी शंभराला वीस चढत असेल, तर वाट शंभराला दहाच्या आत. आणि पूर्ण वाटेची सरासरी साधारण दहा टक्क्यांच्या आत. निम्म्याचा नियम मोडला की पाणी वाटेलाच सोपा रस्ता मानतं. आपल्याकडच्या गुरांच्या वाटा हा नियम बहुतेक पाळतात. तो मोडतात ते सरळ खाली उतरणारे शॉर्टकट, आणि ते माणसांनी पाडलेले असतात.

पडलेला ओघळ मातीने भरला तर चालेल का?

नुसती माती पहिल्या वळवात वाहून जाईल. आधी ओघळात येणारं पाणी वरच्या बाजूला वळवा. मग ओघळात थोड्या थोड्या अंतरावर अनघड दगडी बांध घाला, म्हणजे गाळ आपोआप साठेल. तोपर्यंत वाट दुसरीकडून घ्यावी लागते, आणि जुन्या तुकड्यावर काटेरी फांद्या टाकून तो खरोखर बंद करावा लागतो. नुसती विनंतीची पाटी लावून कोणी थांबत नाही.

ओढा ओलांडायच्या जागी सतत चिखल असतो. फळ्या टाकू का?

फळ्या पहिल्या पुरात जातात, किंवा त्याआधी चुलीत. तिथे दगडी सोलिंग करा. हातभर खोदून मऊ माती काढा, मोठे चपटे दगड उभ्या बाजूने खेटून बसवा, फटीत खडे आणि मुरूम ठोका. दगड नुसते वर पसरू नका, ते चाकाखाली फिरतात. ओलांडण्याची जागा ओढ्याच्या प्रवाहाला काटकोनात आणि दोन्ही बाजूंनी उतरती हवी, म्हणजे ओढा फुगला तरी पाणी वाटेने वाहत जात नाही. दगड ओढ्याच्या पात्रातून उपसू नका. शेताच्या बांधावरचे तर मुळीच नाही.

देखभालीला योग्य काळ कोणता?

सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. माती ओलसर असते, ठोकली की बसते. उत्साह मात्र सगळ्यांना मार्चमध्ये येतो. तेव्हा खोदलेली माती दबत नाही, तिचा फुफाटा होतो आणि वळणांवर सायकल घसरते. मे महिन्यात एकच काम करावं: वळवाच्या आधी निचरे मोकळे करणं. भर पावसात खोदकाम नको, पण पाऊस चालू असताना छत्री घेऊन एकदा वाटेवरून चालत जा. पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं हे तेव्हाच दिसतं.

गवत, झुडपं आणि काट्यांचं काय?

पावसाळ्यानंतर गवत छातीएवढं असतं आणि वाट सापडत नाही. विळ्याने दोन्ही बाजूंना हातभर कापलं तरी पुरतं. मुळं राहू द्या, ती कड धरून ठेवतात. कुसळं सुकली की मोज्यांची चाळण होते, तेव्हा कापणी त्याआधी.

घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटते, ती मुळासकट काढावी लागते. काँग्रेस गवत फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे घालून. अंगाला खाज सुटते. सगळं साफ करायच्या भानगडीत पडू नका. देशी झाडाची फांदी डोळ्याला लागत असेल तर तेवढीच फांदी. पेटवून द्यायचं तर अजिबात नाही. वणव्याने गवताची मुळं जातात, आणि पहिल्या पावसात उघडी माती वाटेवर येते.

सराट्याने आणि बाभळीने पंक्चर होतंच होतं. उपाय?

ट्यूबलेस करा आणि टायरच्या आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) ठेवा. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी तपासा. २.२ ते २.४ इंचाचा टायर आणि वजनानुसार २० ते २८ पीएसआय हवा या मिश्र मातीला ठीक पडते. ज्यांच्या गुट्ट्यांमध्ये फार अंतर असतं असे चिखली टायर घेऊ नका. चिखलात आपण जाणारच नाही आहोत.

काम करायला परवानगी लागते का?

लागते, आणि कोणाकडून हे जमिनीवर अवलंबून. शेतात शेतकऱ्याची. धरणाच्या जमिनीवर जलसंपदा विभागाची. राखीव वनात परवानगीशिवाय जमीन खोदणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. हाताने दगड बाजूला करणं आणि टिकाव चालवणं यात फरक आहे. उड्यांसाठी मातीचे रॅम्प बांधू नका. कोणी पडलं की सगळ्यांसाठीच वाट बंद होते.

कालव्याच्या भरावाला तर हातच लावायचा नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि वस्तीत पाणी घुसलं. तेव्हा खापर उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर फुटलं होतं. त्या यादीत सायकलवाल्यांची भर नको.

गावकऱ्यांशी कसं वागायचं?

माणूस दिसला की वेग कमी करा, राम राम करा. ‘मामा, इकडून गेलं तर चालंल का?’ असं विचारलं तर बहुधा जास्त चांगली वाट सांगतात. गुरं समोरून आली तर उतरून उताराच्या बाजूला उभे राहा, मागून घंटी वाजवू नका. फाटक जसं होतं तसं लावा. कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. आणि दहा-पंधराच्या झुंडीने शेतातून जाऊ नका. चार जण पुष्कळ झाले.

ई-बाईक किंवा मोटारसायकल चालेल?

पेडल मारल्यावर मदत करणारी ई-बाईक चालेल, चढावर मागचं चाक फिरवत माती उडवली नाही तर. मोटारसायकल आणि फोर बाय फोर काठावर नको. ओल्या गाळात एका गाडीने जे होतं ते निस्तरायला माणसांचा अख्खा रविवार जातो.

साप?

आहेत. काठच्या गवतात घोणस, मुरमाच्या दगडांत फुरसं. दगड उचलताना आधी पहारीने हलवा. चावलाच तर जखम कापू-चोखू नका, आवळून बांधू नका. हात-पाय हलू न देता थेट मोठ्या रुग्णालयात. १०८ किंवा ११२. पुढच्या गावांत काही ठिकाणी नेटवर्क जातं, म्हणून एकट्याने जाऊ नका.

सायकल नदीवर धुतली तर?

नको. साबण आणि डिग्रीझर (ग्रीस काढणारं रसायन) शहराच्या पिण्याच्या पाण्यात जातं. माती सुकू द्या, ब्रशने झटका, घरी बादलीभर पाण्याने पुसा. हबवर (चाकाच्या तुंब्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसावर) जोराचा फवारा मारला की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

मला कामाला यायचंय. काय आणू?

हातमोजे, जाड तळाचे बूट, दोन लिटर पाणी, टोपी. हत्यार असेल तर टिकाव किंवा फावडं. कोयते सगळेच आणतात आणि घमेली नेहमी कमी पडतात. सकाळी सहाला सुरुवात, दहाला ऊन चढलं की बंद. सायकल आणली नाही तरी चालेल. आणलीत तर काम झाल्यावर त्याच तुकड्यावरून लगेच चालवू नका, ठोकलेली माती बसायला एखादा पाऊस तरी हवा.